धक्का लागला म्हणून खून? मला हे कारण पटत नाही

सह्यवाट:
असली बातमी आली की आपण म्हणतो, काय माणसं आहेत, एवढ्याशावरून जीव घेतला. मार्विन वोल्फगँग या गुन्हेशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातले 1948 ते 1952 मधले 588 खून तपासले तेव्हाही सगळ्यात मोठा गठ्ठा किरकोळ भांडणांचाच निघाला, शिवी दिली, धक्का लागला असलंच. पण डेव्हिड लकेनबिल या अभ्यासकाने 1977 साली कॅलिफोर्नियातल्या 70 खून प्रकरणांत कशानंतर काय घडलं याचा क्रम लावला तो बघा. एकजण काहीतरी बोलतो, दुसऱ्याला ते लागतं, तो दम देतो, पहिला हटत नाही आणि मग दोघांनाही हाणामारीशिवाय रस्ताच दिसत नाही. आपलं आरे ला कारे. आणि बहुतेक वेळा आजूबाजूला माणसं होती, कुणी चिथावतंय, कुणी नुसतं बघतंय. म्हणजे चारचौघांत माघार घेतली तर उद्या आपल्याला कोण विचारणार, यावरून माणूस मरतो. बघ्यांनी वेळेवर हात धरला तर कितीतरी जण वाचतील, हे माझं ठाम मत.

निशिकांत७८:
इज्जत सगळ्यांनाच असते हो, खून सगळीकडे सारखे होतात का? फ्रँकलिन झिमरिंग या अभ्यासकाने 1968 मध्ये शिकागोच्या पोलीस नोंदींवरून दाखवलं की बंदुकीचा हल्ला चाकूच्या हल्ल्यापेक्षा साधारण पाचपट जीवघेणा ठरतो. राग तोच, माणसं तीच. हातात काय सापडलं त्यावर खुनाच्या प्रयत्नाचा खून होतो. आधी हत्यार काढून घ्या, इज्जतीचं नंतर बघू.

सह्यवाट:
पण फिलाडेल्फियाच्या त्या 588 मध्ये भोसकून मारलेले गोळीने मारलेल्यांपेक्षा जास्त होते! घरातली सुरी कशी काढून घेणार? त्यापेक्षा दारूचं बोला, मारणारा किंवा मरणारा किंवा दोघंही प्यायलेले अशी 64 टक्के प्रकरणं होती.

रेवा_के:
दारू पन्नाशीतले पण पितात, इज्जत त्यांनाही असते, मग खुनात विशी-पंचविशीतलेच इतके का? मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या डेट्रॉईटचे 1972 चे खून बघितले, तर तरुण, बेकार आणि बिनलग्नाचे पुरुष फार. त्यांचं उत्तर उत्क्रांतीकडे जातं, ते मला सगळं पटत नाही, पण ज्याच्याकडे नोकरी नाही घर नाही त्याच्याकडे गल्लीतला दरारा एवढीच कमाई असते, ती कुणी भर रस्त्यात हिसकावली तर तो काय करेल? बघे बदलून काय होणार, त्याला काम द्या.

मुक्ता_:
मला वेगळाच राग आहे. वोल्फगँगने 588 पैकी 150 प्रकरणांत 'सुरुवात मेलेल्यानेच केली' असं धरलं. कुठून कळलं? पोलिसांच्या फायलीतून. फायलीत जबाब कुणाचा? जो जिवंत राहिला त्याचा. मेलेल्याची बाजू मांडायला कुणी नाही आणि आपण त्यावर सिद्धांत उभा करतो, हा त्या माणसावर दुसऱ्यांदा अन्याय आहे.

सह्यवाट:
लकेनबिलने फक्त आरोपीचं ऐकलेलं नाही, साक्षीदार, पोलीस, कोर्टातल्या साक्षी, सगळं ताडून बघितलंय.

मुक्ता_:
ठीक, तरी त्या 70 मध्ये फक्त खूनच आहेत ना. त्याच गावात तेवढ्याच वर्षांत जी भांडणं कुणीतरी मध्ये पडून सोडवली, किंवा एकजण शिवी गिळून घरी निघून गेला, ती त्याच्या हिशोबात आलीच नाहीत. मग बघ्यांमुळे खून झाला का बघ्यांमुळे शंभर टळले, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?