मदत हवी आहे: आजोबांचा जन्म १९०७चा की १९११चा? कागद एकमेकांशी जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली आणि त्यात आजोबांचं गिरणीतलं कार्ड सापडलं. तेव्हापासून घरात एकच विषय आहे. बाबा आता ८५ वर्षांचे आहेत. गणपतीला गावच्या घरी वंशावळ लावायची असं त्यांनी ठरवलंय, पण आजोबांच्या नावापुढे जन्माचं साल काय लिहायचं तेच ठरत नाही. नावं मुद्दाम देत नाही. गाव मालवण तालुक्यातलं.

गिरणीच्या कार्डावर कामाला लागल्याचं साल १९२५ आणि वय १८ आहे, म्हणजे जन्म १९०७चा. घरात हेच साल आजवर धरलेलं होतं.

मग गावाहून चुलतभावाने कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदींच्या (गाव नमुना नंबर १४), नकला काढल्या. मोडी वाचणाऱ्या एका काकांकडून त्या वाचून घेतल्या. जन्माच्या नोंदीत बाळाचं नावच नाही, नुसतं 'मुलगा' आणि बापाचं नाव. पणजोबांच्या नावावर ऑगस्ट १९०७ मध्ये एक मुलगा आहे. १९०९ साली त्याच नावाच्या बापाचा 'मुलगा, वय २' मयत आहे. आणि मे १९११ मध्ये पुन्हा एक मुलगा! हे वाचल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आपल्या वडिलांना थोरला भाऊ होता हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तिसरा कागद १९२७चा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद. पणजोबा गेले तेव्हाची वारस नोंद. त्यात आजोबांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं स्पष्ट लिहिलंय. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस अल्पवयीन आणि त्याची पालक आई. १९०७चा जन्म असता तर ते २० वर्षांचे, म्हणजे सज्ञान असते. १९११ धरलं तर १६, आणि नोंद बरोबर बसते.

इथपर्यंत माझं मत १९११कडेच झुकलं होतं. १९२२च्या फॅक्टरी कायद्याने १५च्या खालच्या पोरांना दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त काम देता येत नव्हतं. गावाहून आलेल्या पोराला पूर्ण पाळी आणि पूर्ण पगार हवा तर वय वाढवून सांगण्यावाचून इलाज नव्हता. पण वाढवून सांगितलेलं वय नेमकं गेलेल्या भावाच्या जन्मसालावर यावं, हा योगायोग की घरातल्या कुणी ठरवून सांगितलेलं, हे मनातून जात नाही.

खरा घोळ चौथ्या कागदाने केला. नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वहीत पणजोबांच्या नावाचा लेख मिळाला. त्यात 'पुत्र' म्हणून आजोबांचं नाव आहे. साल फक्त 'प्लवंग संवत्सर', शकाचा आकडा असलेला कोपरा कसरीने खाल्लेला. प्लवंग म्हणजे शके १८२९, माघ महिना असल्याने फेब्रुवारी १९०८. म्हणजे १९०७चं मूल आजोबांच्याच नावाचं होतं! मग १९०९ला गेलेला मुलगा दुसऱ्याच घरातला का? वाडीत तेव्हा एकाच नावाची दोन माणसं असणं काही नवल नव्हतं. की थोरला गेल्यावर तेच नाव धाकट्याला ठेवलं?

शिवाय संवत्सर साठ वर्षांनी फिरून येतं. शके १७६९चंही प्लवंगच. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे एक आड एक पिढी बापलेकांची तीच जोडी येते. तो लेख १८४८चा असेल, तर त्यातला 'पुत्र' म्हणजे आजोबांचे आजोबा, आणि आमच्या प्रश्नाशी त्याचा संबंधच उरत नाही.

जाणकारांना विचारायचंय ते असं. नाशिकच्या लेखात 'माघ वद्य १०' स्वच्छ वाचता येतं, वार मात्र अर्धा पुसलाय, सोमवार किंवा भौमवार (मंगळवार) वाटतो. दोन्ही शकांची जुनी पंचांगं कुणाकडे असतील तर त्या तिथीला कोणता वार होता ते बघून सांगाल का? वार एकाच शकाशी जुळला तर निम्मा गुंता सुटेल.

नमुना १४ मधून एकाच नावाचे दोन बाप वेगळे कसे काढायचे? जातीचा रकाना उपयोगाचा नाही, सगळी वाडी एकाच जातीची. मयताच्या नोंदीत रोगाच्या रकान्यात 'ताप' एवढंच आहे.

गावच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा १९१५ ते १९२० मधला उतारा कुणी मिळवलाय का? तिथल्या जन्मतारखेवर कितपत भरवसा ठेवावा? मास्तरांनी सरसकट १ जून लावलेले दाखले आमच्याच घरात तीन आहेत. आणि मालवण १९८१पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होतं, तर जुनी दप्तरं आता तालुक्यालाच मिळतात की काही रत्नागिरीला राहिलीत? मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात गावपातळीचं काही मिळेल अशी आशा धरावी का?

काल बाबा म्हणाले, "बापाशीचा वय तरी माका एकदा कळांदे." आजोबा १९७९ साली गेले. ६८चे गेले की ७२चे, एवढंच त्यांना हवंय. मोडी आणि नाशिकच्या वहीचे फोटो तयार आहेत. कुणी वाचून बघणार असेल तर व्यक्तिगत निरोपातून लगेच पाठवते.