मदत हवी आहे: दात्याची, पेशी काढून टाकलेली हृदयाची झडप कुठे मिळते?

भाची २३ वर्षांची, नाशिकरोडला राहते. महाधमनीची झडप जन्मतःच दोन पाकळ्यांची, आता गळती खूप वाढलीय. इकोच्या रिपोर्टात डावा कप्पा मोठा होत चालल्याचं लिहिलंय. घाई नाही, पण ऑपरेशन या वर्षात करा असं सांगितलंय.

नाशिकमध्ये आणि मुंबईत दाखवून झालंय. पर्याय दोनच पुढे येतात. धातूची झडप घेतली तर रक्त पातळ ठेवायची गोळी आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे याची) तपासणी जन्मभर, आणि पुढे बाळंतपण म्हटलं की तीच गोळी अडचणीची. गाय-डुकराच्या ऊतीची घेतली तर तरुण वयात लवकर कडक होते, म्हणजे पुन्हा छाती उघडणं आलंच. (टावी, म्हणजे छाती न उघडता नळीतून झडप बसवणं, सुचवू नका, या वयात नको म्हणालेत.)

वाचनात तिसरा मार्ग आला: मृत दात्याची झडप डिटर्जंटने धुऊन पेशी काढतात, कोलॅजनचा सांगाडा उरतो, त्यात रुग्णाच्या स्वतःच्या पेशी शिरतील अशी अपेक्षा. सर्जनना विचारलं, तर "मापाची मिळाली पाहिजे ना" एवढंच म्हणाले. रॉस ऑपरेशनचंही विचारलं (यात रुग्णाचीच फुप्फुसधमनीची, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूची झडप काढून महाधमनीच्या जागी बसवतात). त्यातही उजवीकडे रिकाम्या झालेल्या जागी बसवायला बहुतेकदा दात्याचीच झडप लागते.

मुंबई-पुणे सहज जमेल, चेन्नई-दिल्लीही जाऊ. पिवळं रेशनकार्ड आहे.

महाराष्ट्रात चालू स्थितीतली झडप-बँक कोणत्या हॉस्पिटलात आहे? तिथे पेशी काढलेली झडप देतात की नुसती गोठवून ठेवलेली? आणि नाव नोंदवायला सर्जनचं पत्र लागतं, की आपण थेट विचारू शकतो?