जपानच्या खेड्यात इंग्रजीचे सहाय्यक शिक्षक: कागदपत्रं, गाडी आणि पहिला हिवाळा

कंदील (प्रश्न)

जेट कार्यक्रमातून (परदेशी तरुणांना जपानच्या शाळांत शिकवायला बोलावणारी सरकारी योजना) सहाय्यक भाषाशिक्षक म्हणून निवड झाली आहे. नेमणूक निइगाता प्रीफेक्चरच्या (प्रांताच्या) डोंगराळ भागातल्या एका लहान गावात आहे, ऑगस्टच्या सुरुवातीला रुजू व्हायचंय. एक माध्यमिक आणि तीन प्राथमिक शाळा. घर शिक्षण मंडळ देतंय, जुनं लाकडी, दोन मजली. स्टेशन नऊ किलोमीटरवर. जपानी येतं ते हिरागाना-काताकाना या दोन सोप्या लिप्या वाचण्यापुरतं.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत कुठलं काम कशाच्या आधी करायचं? गाडी लगेच घ्यावी का? आणि तिथला बर्फ नवख्या माणसाला झेपावा यासाठी काय आणि कधी करायचं?

नोंदवही

क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक कागद अडला की पुढचे तीन अडतात.

मोठ्या विमानतळावर उतरलात तर रहिवासी कार्ड (झाइर्यू कार्ड) तिथेच हातात मिळतं. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत ते घेऊन गावच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. पत्ता कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून देतात. तो नसेल तर बँक नाही, मोबाइल नाही आणि गाडीही नावावर होत नाही. म्हणून हे पहिलं काम.

त्याच खिडकीवर नावाचं काताकाना स्पेलिंग विचारतात, आणि आपल्याकडच्या लोकांची गाडी इथेच अडते. पासपोर्टावर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असेल तर कार्डावर सगळंच छापून येतं. त्यात 'व' काताकानात दोन-तीन प्रकारे लिहिता येतो, 'ळ' तर नाहीच. निघण्याआधीच एक स्पेलिंग ठरवा, कागदावर लिहून ठेवा आणि नोंदणी, बँक, मोबाइल, पगाराचा फॉर्म सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच द्या. खात्यावरचं नाव आणि पगाराच्या फॉर्मवरचं नाव जुळलं नाही तर पगाराची रक्कम परत जाते.

बँकेत जाताना नोकरीचा करार न्या. जपानमध्ये सहा महिने पूर्ण नसलेल्या परदेशी माणसाला बँक अनिवासी धरू शकते, करार दाखवला की बहुधा हा प्रश्न सुटतो. बँक फोन नंबर मागते आणि फोन कंपनी बँक खातं मागते. सुरुवातीला शाळेचा किंवा मंडळाचा नंबर चालेल का, ते सोबत आलेल्या सहकाऱ्याला विचारायला सांगा. इनकान, म्हणजे नावाचा शिक्का, काताकानात करून घ्या.

घरात सिलिंडरचा प्रोपेन गॅस असेल. तो सुरू करायला माणूस येतो आणि त्या वेळी तुम्ही घरी असावं लागतं, त्यामुळे वेळ आधीच ठरवून घ्या. वीज १०० व्होल्टची आहे. आपला मिक्सर तिथे चालत नाही आणि ट्रान्सफॉर्मरच्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही. कुकर मात्र जरूर न्या.

चिखलरस्ता

स्टेशन नऊ किलोमीटर आणि चार शाळा, म्हणजे गाडी हवीच. पण आधी मंडळाला लेखी विचारा, शाळेच्या कामासाठी स्वतःची गाडी चालवायला परवानगी आहे का. काही ठिकाणी नसते.

परवान्याचं असं आहे. जपान १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना मानतं, भारताचा चालतो. तो निघण्याआधी काढा. उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष, आणि परवान्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढंच. पुढे भारतीय परवाना देऊन जपानी परवाना घ्यावा लागतो आणि भारतीय परवानाधारकाला लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षेत ५० प्रश्न असतात आणि ९० टक्के बरोबर यावे लागतात. भारतीय परवाना मिळाल्यानंतर किमान तीन महिने भारतात होतात हे सिद्ध करावं लागतं, म्हणून शिक्के असलेला जुना पासपोर्ट सोबत ठेवा.

डावीकडून चालवण्याची सवय आपल्याला आहे, पण प्रत्यक्ष परीक्षेत नापास होण्याची कारणं वेगळीच असतात. 'तोमारे'च्या, म्हणजे 'थांबा'च्या, रेषेपाशी चाकं पूर्ण थांबली नाहीत. डावीकडे वळताना ३० मीटर आधी इशारा देऊन गाडी कडेला घेतली नाही. वळण्यापूर्वी मान वळवून डाव्या मागच्या बाजूला सायकल आहे का ते पाहिलं नाही. नुसती आरशात नजर टाकणं परीक्षकाला पुरत नाही. रेल्वे फाटक उघडं असलं तरी थांबायचं असतं. नापास झालं की पुन्हा तारीख घ्यावी लागते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच अर्ज करा.

गाडी पिवळ्या नंबरपाटीची केइ, म्हणजे छोट्या वर्गातली, घ्या: ६६० सीसी, लांबी ३.४ मीटर, गावातल्या अरुंद रस्त्यांना योग्य. वार्षिक कर १०,८०० येन, १३ वर्षांवरच्या गाडीला १२,९००. निइगातात फोर-व्हील ड्राइव्हच बघा. 'शाकेन' म्हणजे सक्तीची तपासणी, जुन्या गाडीला दर दोन वर्षांनी. ती किती महिने शिल्लक आहे ते किमतीइतकंच महत्त्वाचं. गाडीखाली वाकून गंज पाहा, बर्फाळ भागात तळ आधी सडतो. सक्तीचा विमा फक्त समोरच्या माणसाच्या इजेपुरता असतो, मालमत्तेचं नुकसान त्यात येत नाही. अमर्याद भरपाईचा ऐच्छिक विमा घेतल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका.

शाळेच्या 'एनकाई'ला, म्हणजे मेजवानीला, गाडी नेली आणि घोटभर प्यायलात तर दाइको बोलवा. दोघे जण येतात, एक तुमची गाडी चालवतो, दुसरा मागून त्यांची आणतो. पिऊन चालवणाऱ्याच्या शेजारी बसणाराही कायद्याने दोषी ठरतो.

ओसरी

हिवाळ्याची तयारी ऑगस्टमध्येच सुरू करा, कारण आधीचा शिक्षक किंवा घराची माहिती असलेला माणूस तेव्हाच भेटतो. त्याला चार गोष्टी विचारा: युकीगाकोइच्या फळ्या कुठे आहेत, पाणी उपसून टाकायचा व्हॉल्व्ह कुठे आहे, छतावरचा बर्फ कोण काढतं, आणि हीटर कुठला आहे.

युकीगाकोइ म्हणजे तळमजल्याच्या खिडक्यांसमोर चौकटीत सरकवायच्या आडव्या फळ्या. छतावरून घसरलेला बर्फ भिंतीशी साठतो आणि त्याच्या दाबाने काच फुटते. फळ्या नोव्हेंबरात लावतात. गाडीचे स्टडलेस, म्हणजे बर्फावर चालणारे, टायरही त्याच सुमारास.

उष्णतेसाठी रॉकेलचा फॅन हीटर. पूर्ण ताकदीवर तो ताशी साधारण ०.३ लिटर रॉकेल घेतो, म्हणजे १८ लिटरचा डबा साठ तास. दिवसातले पाच-सहा तास लावला तर एक डबा दहा दिवस पुरतो. तासातून एक-दोनदा खिडकी उघडून हवा बदलायची, झोपताना बंद. गेल्या वर्षीचं उरलेलं रॉकेल वापरू नका, ते खराब होऊन बर्नर बिघडतो. पंपावर डबा भरताना पाटी दोनदा वाचा. रॉकेलच्या जागी पेट्रोल गेलं तर आग लागते.

पाणी. तापमान उणे चारच्या खाली जाणार असेल तर रात्री मिझुनुकी करायची. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, गरम-थंड सगळे नळ उघडा म्हणजे नळीतलं पाणी निघून हवा आत येते, संडासाची टाकी एकदा रिकामी करा, मग नळ बंद. गीझरचा प्लग कधीच काढू नका, आतली गोठणरोधक तार त्याच विजेवर चालते. नळी गोठलीच तर टॉवेल गुंडाळून कोमट पाणी हळूहळू ओता. उकळतं ओतलंत तर नळी फुटते.

गीझरची, किंवा हीटर नळीचा असेल तर त्याची, धूर बाहेर सोडणारी नळी बर्फात गाडली गेली तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. गाडीच्या सायलेन्सरचंही तसंच. इंजिन सुरू करण्याआधी मागचा बर्फ काढा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठतो. वायपर उभे करून ठेवा.

छतावर एकटं चढू नका, हेल्मेट आणि दोरीशिवाय तर मुळीच नाही. उमेदीने चढणाऱ्या नवख्यांची काळजी वाटते म्हणून हे ठासून सांगतोय. छपराच्या कडेखालून चालणंही टाळा.

निइगातात रस्त्यांच्या मध्ये भूजलाचे फवारे असतात, शोसेत्सु पाइप. बर्फ वितळतो पण रस्ताभर पाणी साचतं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट लागतातच.

कंदील

फार उपयोगी, फळ्यांचं तर कुणीच सांगितलं नसतं. एक राहिलं: मी शाकाहारी आहे. शाळेच्या जेवणाचं काय करू?

नोंदवही

क्यूशोकू, म्हणजे शाळेचं जेवण, बहुधा एका केंद्रात अनेक शाळांसाठी मिळून शिजतं, त्यामुळे तुमच्यापुरता बदल होत नाही. सूपापासून भाजीपर्यंत सगळ्यात माशाचा दाशी, म्हणजे उकळून काढलेला अर्क, असतो. अ‍ॅलर्जीच्या सक्तीच्या यादीवर विसंबू नका, ज्याचा दाशी करतात तो कात्सुओ मासा तिच्यात नाही. जाण्याआधी मंडळाला कळवा, जेवणाचे पैसे बंद करून घ्या आणि डबा न्या. मुलांबरोबर वर्गातच बसून खा, तेवढ्या वेळात मुलं सगळ्यात जास्त बोलतात.

घरी कोम्बू (समुद्री शेवाळ) आणि वाळलेल्या शिताके मशरूमचा दाशी करा. नात्तोसोबतची (आंबवलेल्या सोयाबीनसोबतची) सॉसची पुडी, तयार मिसो सूप आणि करीच्या वड्या घेताना घटक वाचा. पहिल्या दोन्हींत बहुधा मासा असतो आणि वड्यांमध्ये अनेकदा प्राण्यांची चरबी.

कामाबद्दल थोडं. प्राथमिकच्या तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास, पाचवी-सहावीला ७०, तास ४५ मिनिटांचा. वर्गाची जबाबदारी वर्गशिक्षकाची असते आणि पाठ ठरवायला त्यांना वेळ मिळत नाही. आदल्या दिवशी मुलं गेल्यावर दोन मिनिटं मागून घ्या आणि पाठाचं एक पान लिहून द्या. सकाळी गेलात तर कुणी मोकळं सापडणार नाही.

ओसरी

राहायला आल्यावर समोरच्या तीन आणि दोन्ही बाजूंच्या घरी पाचशे ते हजार येनची एखादी लहान वस्तू घेऊन जा, रुमाल किंवा बिस्किटं. त्याच फेरीत कचऱ्याचे वार विचारा. गावच्या ठरलेल्या पिशवीतच, सकाळीच ठेवायचा, आदल्या रात्री नाही. जिचे वार चुकले ती पिशवी स्टिकर लावून तिथेच सोडतात. मग काइरानबान, फिरती सूचनापाटी, घरी आली की शिक्का मारून त्याच दिवशी पुढच्या घरी द्या. बर्फ कधी ढकलायचा, गवत कधी कापायचं, हे तिच्यातच लिहिलेलं असतं. वाचता आलं नाही तर फोटो काढून शाळेत विचारा.