मदत हवी आहे : चॉकलेटचे थर टिकत नाहीत, शुक्रवारी साक्षगंध आहे

चुलीपाशी (रविवार, सायंकाळी ७.४०)

येत्या शुक्रवारी आमच्या घरी पुतणीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आहे. पुण्याहून आलेल्या भाचीने मोबाइलवर एक गोड पदार्थ दाखवला: पेल्यात तळाशी बिस्किटांचा चुरा, त्यावर चॉकलेटचा थर, त्यावर पांढरा थर आणि पुन्हा चॉकलेट. "मामी, अगदी सोपे आहे," असे ती म्हणाली, घरातल्या सर्वांनी माना डोलावल्या आणि करण्याचे काम माझ्याकडे आले. आतापर्यंत दोनदा करून पाहिले. पहिल्या वेळी सर्व थर एकमेकांत मिसळून एकच तपकिरी लगदा झाला. दुसऱ्या वेळी रात्री सुरी उभी राहील इतके घट्ट झालेले मिश्रण सकाळी ताकासारखे पातळ झालेले आढळले. कृती बरोबरच होती, म्हणून कृपा करून कोणी पुन्हा कृती लिहू नये. काय चुकले तेवढेच सांगावे, आणि शक्य तितक्या लवकर सांगावे.

धानपट्टा (रविवार, रात्री ८.०५)

ताई, कृती बरोबर होती असे आपण म्हणता, परंतु ती कोणती हे लिहिलेले नाही. माणसे किती आहेत? गाव कोणते, निदान जिल्हा कोणता? थर कशाचे होते, क्रीमचे की शिजवलेल्या दुधाचे? घरी फ्रिज आहे का, आणि असल्यास वीज किती तास असते? एवढे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होईल.

खवय्या_नागपूरकर (रविवार, रात्री ८.२०)

यात अवघड असे काहीच नाही. बेकरीचे सामान मिळते त्या दुकानातून व्हिपिंग क्रीमचा एक लिटरचा डबा आणावा, गार असतानाच बीटरने फेटावा, अर्ध्या भागात वितळवलेले चॉकलेट मिसळावे आणि थर लावावेत. मी मुलाच्या वाढदिवसाला चाळीस जणांसाठी केले होते, एकही पेला उरला नाही.

चुलीपाशी (रविवार, रात्री ९.१०)

माणसे दीडशे आहेत. जिल्हा यवतमाळ, दारव्हा तालुक्यातील गाव. फ्रिज सगळ्यांकडे असतो तसाच आहे, एका दाराचा. वीज दुपारी जाते, त्यात सांगण्यासारखे काय आहे? पहिल्या वेळी खवय्या दादा सांगतात तसेच डब्यातले क्रीम होते. दुसऱ्या वेळी दूध, साखर, कोको आणि कॉर्नफ्लोअर शिजवून केले. आता तरी काय चुकले ते सांगावे.

पळसफूल (रविवार, रात्री ९.४५)

पहिल्या वेळचे उत्तर आपल्याच लिखाणात आहे. ते क्रीम गोठवलेल्या अवस्थेत विकले जाते, फ्रिजमध्ये हळूहळू मऊ करून, भांडे आणि बीटरची पाती गार ठेवून मगच फेटायचे असते. यवतमाळहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेले क्रीम घरी पोहोचेपर्यंत कोमट झालेले असते, आणि कोमट क्रीम फेटताना त्यात हवा धरून राहत नाही. समजा फुगले, तरी ऐन नवतप्याच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) तोंडावर, मांडवातल्या ४४ अंशांत ते किती वेळ उभे राहणार? नागपुरात वातानुकूलित खोलीत चाळीस पेले वाढणे आणि गावात टिनाच्या मांडवाखाली दीडशे पेले वाढणे यांत फरक आहे.

खवय्या_नागपूरकर (रविवार, रात्री १०.००)

माझ्या घरी वातानुकूलन नाही, कूलर आहे. आणि क्रीमशिवाय केलेल्या पदार्थाला लोक खीर म्हणतील.

दूधसंकलन_केंद्र (सोमवार, सकाळी ६.१५)

मी गेली वीस वर्षे दुधाच्या व्यवसायात आहे म्हणून सांगतो, मे महिन्याच्या अखेरीस चॉकलेट हवेच कशाला? आंब्याचा रस करावा, त्यात थोडी साखर आणि वर तुपाची धार सोडावी. सोबत कुरडया तळाव्यात. पाहुणे तृप्त होतील, थर लावण्याचा प्रश्नच उरणार नाही.

चुलीपाशी (सोमवार, सकाळी ७.००)

काका, रस आहेच. तो जेवणात आहे. हे साक्षगंधाचा विधी झाल्यावर सर्वांच्या हातात द्यायचे आहे, आणि पुतणीने हौसेने मागितले आहे. कृपया चॉकलेटविषयीच लिहावे.

धानपट्टा (सोमवार, सकाळी ७.३०)

दुसऱ्या वेळच्या प्रकाराकडे वळू. मला तीन शंका आहेत. पहिली, आपण कॉर्नफ्लोअरच वापरले की मक्याचे पीठ? आमच्याकडील किराणा दुकानात दोन्हींना एकच नाव दिले जाते. कॉर्नफ्लोअर पांढरेशुभ्र असते आणि चिमटीत दाबले की करकर आवाज येतो, मक्याचे पीठ पिवळसर आणि रवाळ असते, ते या कामाचे नाही. दुसरी, मिश्रणाला खळखळून उकळी आली होती का? बुडाला लागेल या भीतीने पुष्कळजण जरा दाट झाले की गंज (पातेले) खाली उतरवतात. अर्धवट शिजलेले कॉर्नफ्लोअर नंतर पाणी सोडते. उकळी आल्यावर मंद आचेवर एक-दोन मिनिटे तरी ढवळत राहावे लागते. तिसरी, थंड होऊन घट्ट बसल्यावर कोणी ते पुन्हा ढवळले का? एकदा बसलेली घडण मोडली की ती पूर्ववत होत नाही.

चुलीपाशी (सोमवार, सकाळी ८.५०)

पीठ पांढरेच होते, करकरही वाजते, आताच पाहिले. उकळी चांगली आली होती, माझ्या मनगटावर दोन शिंतोडे उडाल्याच्या खुणा आहेत. ढवळले कोणीच नाही. रात्री गंज झाकून फ्रिजमध्ये ठेवला होता.

पळसफूल (सोमवार, सकाळी ९.२०)

एक विचारते, रागावू नये. रात्री त्या गंजात कोणी चमचा घातला होता का? म्हणजे चाखलेला, उष्टा चमचा?

खवय्या_नागपूरकर (सोमवार, सकाळी ९.३५)

आता मदतीच्या धाग्यावर उष्ट्या-खरकट्याचा विटाळही चर्चेला येणार का? पदार्थ पातळ होण्याशी त्याचा काय संबंध?

पळसफूल (सोमवार, सकाळी १०.१०)

विटाळाशी संबंध नाही, लाळेशी आहे. आपल्या लाळेत पिष्ट (स्टार्च) पचवणारे विकर (एन्झाइम) असते, शाळेच्या विज्ञानात आपण सर्वांनी ते शिकलो आहोत. पोळीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, तो त्याच्यामुळेच. कॉर्नफ्लोअर म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. चाटलेला चमचा पुन्हा गंजात गेला, की ते विकर आपले काम रात्रभर करत राहते आणि घट्ट मिश्रणाचे सकाळी पाणी होते. फ्रिजच्या गारव्याने ते मंदावते, पूर्ण थांबत नाही, आणि मोठा गंज आतून कोमट राहिला तर अजिबातच थांबत नाही. पटत नसेल तर दोन वाट्यांत तेच मिश्रण घ्यावे, एकीत चाटलेला चमचा फिरवावा, दुसरीत धुतलेला, आणि तासाभराने दोन्ही वाट्या तिरक्या करून पाहाव्यात.

चुलीपाशी (सोमवार, दुपारी १२.३०)

चौकशी केली. आधी सर्वांनी कानांवर हात ठेवले. मग धाकट्याने सांगितले की आजीने "मीठ-साखर बघते" म्हणून चमचा घातला, तो त्याला चाटायला दिला, आणि त्याने आणखी मिळावे म्हणून तोच चमचा परत बुडवला. असे किती वेळा झाले हे त्याला आठवत नाही. वाट्यांचा प्रयोगही केला. चाटलेल्या चमच्याची वाटी तिरकी केल्याबरोबर ओघळली, दुसरी जागची हलली नाही. हे मला आधी लिहावेसे वाटले नाही, कारण चाखून पाहणे ही काही सांगण्यासारखी गोष्ट आहे असे कोणाला वाटेल?

आता दीडशे माणसांचे प्रमाण कोणी सांगू शकेल का? कृती लिहू नये असे मी म्हटले होते, ते मागे घेते.

धानपट्टा (सोमवार, दुपारी १.१५)

दहा लिटर दूध धरावे. त्यातील सहा लिटर चॉकलेटच्या थरांसाठी आणि चार लिटर पांढऱ्या थरासाठी. साखर एकूण दीड किलो. चॉकलेटच्या भागात दर लिटरला साठ ग्रॅम कोको आणि पन्नास ग्रॅम कॉर्नफ्लोअर, पांढऱ्या भागात दर लिटरला पासष्ट ग्रॅम कॉर्नफ्लोअर. चॉकलेटमध्ये कॉर्नफ्लोअर कमी का, असे विचाराल, तर कोकोतही पिष्ट असते आणि तोही दाटपणा आणतो. साखर, कोको व कॉर्नफ्लोअर कोरडेच एकत्र चाळून घ्यावे, थोड्या गार दुधात कालवावे आणि मगच गरम दुधात धार धरून ओतावे. थेट गरम दुधात टाकल्यास गुठळ्या होतात आणि त्या कितीही घोटल्या तरी मोडत नाहीत. डबा पाहून घ्यावा: दुधात घालून पिण्याच्या चॉकलेट पावडरीत बहुतांश साखर असते, तिने रंगही येत नाही आणि गोडीही बिघडते. दहा लिटर एकदम शिजवू नये, मोठ्या गंजाच्या बुडाला हमखास लागते आणि करपल्याचा वास साऱ्या दुधात उतरतो. तीन-तीन लिटरचे घाणे करावेत.

प्रत्येकी सुमारे ७५ ग्रॅम पुडिंग येईल. मारी बिस्किटे प्रत्येकी तीन, म्हणजे पावणेतीन किलो आणावीत.

दूधसंकलन_केंद्र (सोमवार, दुपारी २.००)

दूध सकाळच्या धारेचे घ्यावे आणि आणल्याबरोबर तापवावे. या दिवसांत रात्रीचे दूध सकाळपर्यंत थांबले की त्यात आंबटपणा उतरू लागतो, तो जिभेला कळत नाही, परंतु उकळी येताच नासते. हे मात्र चॉकलेटविषयीच आहे.

खवय्या_नागपूरकर (सोमवार, दुपारी २.४०)

क्रीम नको तर नको, परंतु नुसत्या कॉर्नफ्लोअरवर ४४ अंशांत विसंबू नये. जिलेटिन घालावे.

पळसफूल (सोमवार, दुपारी ३.०५)

जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. साक्षगंधाच्या पंगतीत माळकरी मंडळी असतील, त्यांना न सांगता ते देणे योग्य नव्हे. शिवाय ते साधारण ३५ अंशांनाच वितळते, मग मांडवात त्याचा उपयोग काय? चायना ग्रास घ्यावे. ते समुद्री शेवाळापासून होते, गार होताना ३५ ते ४० अंशांच्या आसपास बसते आणि एकदा बसले की जवळजवळ ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. दर लिटरला चार ग्रॅम, म्हणजे एकूण चाळीस ग्रॅम पुरे. आधी पाण्यात भिजवून, वेगळ्या पातेल्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे आणि मग गाळून शिजत्या मिश्रणात घालावे. अधिक घातल्यास चमच्याने कापताना रबर कापल्यासारखे वाटते.

त्यातही एक खोच आहे. पहिला थर पूर्ण कडक बसू देऊन वर दुसरा ओतला, तर ते एकमेकांना धरत नाहीत आणि खाताना वरचा थर निसटून बाजूला होतो. बोट हलकेच टेकवल्यावर थर किंचित चिकटेल, परंतु बोट आत जाणार नाही, अशा वेळी पुढचा थर ओतावा, आणि ओताना पळीची पाठ आडवी धरावी, म्हणजे धार खालचा थर फोडत नाही.

खवय्या_नागपूरकर (सोमवार, दुपारी ३.३०)

हे मान्य आहे. मग पांढऱ्या थरात संत्र्याचा रस घालावा, विदर्भातील कार्य आहे, काही तरी आपले असावे. चॉकलेट आणि संत्रे यांची जोडी उत्तम जमते.

धानपट्टा (सोमवार, दुपारी ३.५०)

रसाच्या आंबटपणाने दूध फाटेल. साल किसून तिचा केवळ नारिंगी भाग घातल्यास स्वाद येतो, परंतु संत्र्याचा मृग बहाराचा हंगाम केव्हाच संपला, मेअखेरीस दारव्ह्यात चांगले संत्रे कुठून आणायचे? वेलची पुरे.

चुलीपाशी (सोमवार, रात्री ८.३०)

वेलचीच घालते. एका दाराच्या फ्रिजमध्ये दीडशे पेले मावणार नाहीत, हे आज मोजून पाहिले, जेमतेम तीस मावतात. गार कसे करावे? आणि पेले काचेचे नाहीत, पळसाच्या पानांचे द्रोण आहेत. चालतील का?

पळसफूल (सोमवार, रात्री ९.००)

द्रोणांविषयी आधीच सांगायला हवे होते! गरम मिश्रण टाक्यांच्या फटींतून गळेल, आणि थर दिसणारच नाहीत. दीडशे पारदर्शक प्लास्टिकचे लहान पेले मागवावेत. मिश्रण त्यांत ओतण्यापूर्वी ढवळत कोमट करून घ्यावे, नाहीतर पेले वाकतात. फार गार होऊ देऊ नये, चायना ग्रास गंजातच धरेल.

दूधसंकलन_केंद्र (मंगळवार, सकाळी ६.००)

गारव्याचे मी सांगतो. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणाव्यात, पोत्यात गुंडाळून, वर लाकडाचा भुसा टाकून ठेवाव्यात. विधीच्या पाच तास आधी मोठ्या परातीत बर्फ फोडून त्यावर खडे मीठ पसरावे, कुल्फीवाले करतात तसेच, म्हणजे गारवा शून्याच्या खाली उतरतो. त्यावर पेल्यांचे ट्रे ठेवून ओल्या कापडाने झाकावे. मात्र तो बर्फ खाण्याचा नसतो. अशा बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम २०१८पासून आहे, तरी रंग दिसो न दिसो, त्याचा थेंबही पेल्यात जाता कामा नये. आणि बर्फावरून काढलेले पेले तासाभरात संपलेच पाहिजेत. या उन्हात दुधाचा पदार्थ त्याहून अधिक वेळ बाहेर ठेवणे मी माझ्या घरच्या कार्यातही करणार नाही.

चुलीपाशी (बुधवार, रात्री ९.४०)

आज एक लिटरचे करून पाहिले, पंधरा पेले झाले. तिन्ही थर वेगळे दिसतात. एक पेला मुद्दाम ओसरीवर कूलरपासून दूर ठेवला होता, दोन तासांनी वरचा थर जरा घामेजला, पण ढासळला नाही. तो टाकून दिला. चौदा पेले घरातल्यांनी संपवले, सासूबाईंनी दोन खाल्ले आणि वेलची कमी पडल्याचे सांगितले.

चाखण्यासाठी आता वेगळी वाटी काढून ठेवते. शुक्रवारी गंजावर झाकण, झाकणावर पाटा आणि पाट्याशेजारी भाची, अशी व्यवस्था केली आहे. एकच राहिले: वर किसलेले चॉकलेट आदल्या रात्री घातले तर चालेल का?

धानपट्टा (बुधवार, रात्री १०.०५)

नाही. कोकोतील लोणी ३४ अंशांच्या आसपासच वितळते, तुमच्या मांडवात त्याचे तेलकट डाग होतील. किसून डब्यात, डबा फ्रिजमध्ये, आणि पेले हातात देताना चिमूटभर घालावे.