पुण्या-मुंबईजवळचे छोटे पण दमवणारे ट्रेक: तुमचा कोणता?

"दुपारच्या जेवणाला घरी परत यायचंय, पण घाम निघाला पाहिजे. कुठे जाऊ?" हा प्रश्न दर शनिवारी कुणी ना कुणी विचारतंच. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा धागा. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, कात्रज ते सिंहगड ही मोठी मंडळी इथे नकोत. दोन-अडीच तासांत माथा गाठता येईल आणि तरी मांड्या बोलायला लागतील, असंच काही सांगा.

एक विनंती. "अमुक किलोमीटर" एवढं लिहून सोडून देऊ नका. आतकरवाडीहून सिंहगड पावणेतीन किलोमीटरच आहे, पण तेवढ्यात साडेपाचशे-सहाशे मीटर चढ भरतो. समुद्रसपाटीपासूनची उंचीही तशीच फसवी. सिंहगड १,३०० मीटरच्या वर, पनवेलजवळचा कलावंतीण सुळका ७०० च्या आत. आकडे वाचणाऱ्याला वाटतं, कलावंतीण म्हणजे निम्मं काम. पण पुणंच मुळात ५६० मीटरवर बसलंय, आणि कलावंतिणीचा पायथा कोकणात आहे. प्रत्यक्ष पायाखालचा चढ दोन्हीकडे जवळपास सारखाच. तेव्हा पायथ्यापासून किती चढ, वाटेत कातळ किंवा घसारा (पायाखालून सरकणारी सुटी माती-खडी) आहे का, आणि उतरताना काय होतं, हे सांगा. मग निवडायला सोपं जाईल.

*

सुरुवात सिंहगडानेच होणार, तर ती मीच करतो. निवृत्त झाल्यापासून आठवड्यातून एकदा तरी आतकरवाडीवरून चढतो. ज्यांना आपला दम नेमका किती आहे हे कळत नाही त्यांनी आधी इथे यावं, कारण वाट चुकायची भीती नाही, सोबतीला माणसं असतात आणि चढ कुठेही खोटं बोलत नाही. तासाभरात पुणे दरवाजा गाठला तर तब्येत ठणठणीत समजा. सव्वा-दीड तास लागला तरी छान. पहिल्या पंधरा मिनिटांत पळणारी तरुण पोरं पुढच्या वळणावर कमरेवर हात ठेवून उभी दिसतात. त्यांना काही बोलायचं नसतं, फक्त "चला" म्हणायचं आणि पुढे जायचं.

लक्ष ठेवायचं ते दगडांवर. इतक्या पायांनी घासून काही दगड गुळगुळीत झालेत, आणि त्यावर बारीक मुरूम पसरलेला असतो. चढताना कळतही नाही. उतरताना टाच टेकली की सर्रकन पाय जातो. पावसाळ्यात त्याच दगडांवर शेवाळ. जुन्या, तळ झिजलेल्या बुटांना इथे थारा नाही.

वर गेल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन मग लगेच उतरणाऱ्यांना माझा दंडवत.

*

काकांना अनुमोदन. फक्त रविवारी सकाळी आतकरवाडीची वाट म्हणजे लक्ष्मी रोड. गर्दी नको असेल तर कल्याण गावातून कल्याण दरवाजाने चढा.

*

मुंबईकरांकडून कलावंतीण. पनवेलहून ठाकूरवाडी, तिथून प्रबळमाचीपर्यंत रुंद वाट. इथपर्यंत दमछाक होते पण बाकी काही नाही. मजा माचीनंतर सुरू होते. प्रबळगड आणि कलावंतिणीच्या मधल्या खिंडीतून कातळात खोदलेल्या पायऱ्या वर जातात, कठडा नाही. पायऱ्या चांगल्या रुंद आहेत, चढायला अवघड म्हणावं असं फार नाही. अवघड आहे ते डोळ्यांना. चढताना कातळ पुढ्यात असतो, त्यामुळे माणूस निवांत. उतरताना तीच पायरी दरीत संपल्यासारखी दिसते. आमच्यातला एक जण, जिममध्ये तासन्‌तास घालवणारा, तिथे बसला तो उठेना. शेवटी एकेक पायरी बसून, तोंड कातळाकडे करून उतरला. आणि अगदी माथ्याच्या खाली एक छोटा कातळटप्पा आहे, तिथे हात-पाय दोन्ही वापरावे लागतात. तो नको वाटला तर खालीच थांबावं, देखावा तिथूनही कमी नाही.

म्हणून माझं मत असं, की दम आणि उंचीची भीती या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. सोबत नवीन माणूस असेल तर "चालायची सवय आहे का" याच्याबरोबर "गच्चीच्या कठड्यावरून खाली बघवतं का" हेही विचारा. सिंहगड पहिली परीक्षा घेतो, कलावंतीण दुसरी.

*

वरचा शेवटचा परिच्छेद ठळक करून ठेवायला हवा. आमच्या ग्रुपमध्ये हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

*

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सोमवार-मंगळवारी माझ्याकडे येणारी मंडळी चढून नव्हे, उतरून आलेली असतात. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावून शरीराला धरून ठेवतात. स्नायूंना ही सवय नसली की दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं आणि ऑफिसचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. छोट्या पण खड्या ट्रेकला हे जास्त होतं, कारण सगळा उतार एका दमात येतो.

उपाय साधे आहेत. पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, उड्या मारू नका. उंच पायरी असेल तर अंग बाजूला वळवून उतरा. काठी असेल तर चढताना आखूड, उतरताना थोडी लांब धरा. पायाची नखं आदल्या रात्री कापा; उतरताना बोटं बुटाच्या टोकाला ठोकली जातात आणि नख काळंनिळं पडतं. बुटाची लेस माथ्यावरच पुन्हा घट्ट बांधली तरी निम्मा त्रास वाचतो. गुडघ्याचं जुनं दुखणं असणाऱ्यांनी पायऱ्यांचे गड टाळून मातीच्या सोंडेवरून (डोंगराच्या उतरत्या धारेवरून) जाणारी वाट निवडावी.

*

लहान मुलांसाठी विचारणाऱ्यांना: तिकोना. माझी मुलगी दहा वर्षांची असताना पहिल्यांदा नेलं. तिकोना पेठेतून वाट, वाटेत मोठा चपेटदान मारुती, चुन्याची घाणी, थांबायला कारणं भरपूर. शेवटच्या पायऱ्या मात्र चांगल्याच खड्या. मोठ्यांच्या गुडघ्याएवढी एकेक पायरी म्हणजे तिच्या मांडीएवढी, त्यामुळे तिने ती शिडीसारखी हात टेकून चढली, आणि मला वाटतं तीच पद्धत बरोबर होती. माझी पाठ मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत कुरकुरत होती. माथ्यावरून पवना धरणाचं पाणी आणि पलीकडे तुंग किल्ला.

तुंग आम्ही नंतर केला. लांबून सुळक्यासारखा दिसतो, आणि चढतानाही तसाच वागतो: वाट कमी, चढ सलग, टेकायला सपाट जागा मोजक्या. वेळेच्या हिशोबात तिकोन्याहून फार जास्त नाही, पण मुलांना तुंगला नेण्याआधी तिकोना करून घ्या.

*

पावसाळ्याचं कुणीच लिहिलं नाही अजून. "छोटा आहे, पटकन होईल" हे गणित जून ते सप्टेंबर चालत नाही. विसापूरची भाज्याकडून चढणारी पायऱ्यांची घळ घ्या. उन्हाळ्यात नुसते दगड, पावसात तोच धबधबा, आणि लोक त्यातूनच चढतात. मजा येते, नाकारत नाही. पण वरून पाणी वाढलं की घळीत बाजूला व्हायला जागा नसते, आणि पाण्यासोबत दगडही येतात. त्या काळात लोहगडाच्या बाजूच्या गायमुख खिंडीतून जावं.

दुसरं म्हणजे, पावसाळ्यात जिल्हा प्रशासन किंवा वनखातं काही ठिकाणी बंदी घालतं. निघण्याआधी चालू आदेश बघा. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली ती याच सह्याद्रीत. इर्शाळगड आमच्यासाठी "सकाळी जाऊन दुपारी परत" असाच ट्रेक होता, आणि त्या वाडीत आम्ही पाणी भरून घेत असू. सलग दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस झाला असेल तर खड्या डोंगराच्या कुशीत जायचंच नाही, हा आता आमचा नियम आहे. बुकिंगचे पैसे गेले तर जाऊ देत.

*

कर्नाळा. मुंबई-गोवा रस्त्यावर, अभयारण्यातून सावलीची वाट, म्हणून ऑक्टोबरच्या उन्हातही जमतो. फाटकावर सामान तपासतात, त्याबद्दल कुरकुर करू नका, जंगल स्वच्छ आहे ते त्यामुळेच. वर तो अंगठ्यासारखा सुळका आहे ना, त्यावर आग्या मोहळं असतात. इथे स्पीकर लावून गाणी वाजवणारा, अत्तराचे फवारे मारून आलेला, सिगरेट पेटवणारा, या तिघांपैकी कुणीही दिसला तर मी सरळ मागे फिरतो. माथा पुढच्या रविवारीही तिथेच असतो. मधमाश्या उठल्याच तर हात न झटकता, डोकं-तोंड कापडाने झाकून वेगाने तिथून दूर व्हायचं. पण कड्याच्या बाजूला पळायचं नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

(लोहगड २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला, अभिमानच आहे. पण सुट्टीच्या दिवशी तिथे जाणं आता ट्रेक राहिलेला नाही, रांग झालीये.)

*

एवढं लांब कशाला? शहरातच वेताळ टेकडी आहे, समुद्रसपाटीपासून ८०० मीटर, पुण्यातली सगळ्यात उंच जागा. एकदा चढून कुणी दमत नाही हे मान्य. पण वेगवेगळ्या बाजूंनी वर-खाली, वर-खाली असं न थांबता दोन तास करा, पाठीवर तीन-चार लिटर पाणी घेऊन. चढाची बेरीज मोबाईलवर बघा, बऱ्याच गडांच्या जवळ जाते. आणि नको वाटलं की पंधरा मिनिटांत घरी. नवीन माणसाचा दम आणि गुडघे दोन्ही इथे तपासून मगच मी गडावर नेते.

*

गाडी नसणाऱ्यांसाठी: लोहगड-विसापूरला मळवली स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. पुणे-लोणावळा लोकलला दुपारी मोठी खंड पडते, तेव्हा परतीची गाडी आधी बघून मगच निघायची वेळ ठरवा. सकाळची पहिली किंवा दुसरी पकडली तर ऊन चढायच्या आत वर पोचता. तिकोना-तुंगला मात्र एसटीच्या भरवशावर "दुपारच्या जेवणाला घरी" जमत नाही. कामशेतहून जीप सांगून ठेवा, नाहीतर दुचाकीच बरी. कुणाला तुंगच्या पायथ्याशी जाणाऱ्या एसटीची सध्याची वेळ माहीत असेल तर इथे टाका, मी पुढच्या आठवड्यात जातोय.