हर्पीसचा रिपोर्ट १.६ आलाय, जोडीदाराला काय सांगू?

अबोली_क: काल रिपोर्ट आला. हर्पीसपुढे १.६ आणि शेजारी ‘पॉझिटिव्ह’. मला आजवर एक पुटकुळीसुद्धा आलेली नाही! चार महिन्यांपासून ज्याच्यासोबत आहे त्याला आज रात्रीच सांगायचंय. कसं सांगू? लवकर लिहा प्लीज.

सदानंद: विषाणू टाइप १ (बहुधा ओठावरचा) की २ (बहुधा जननेंद्रियावरचा)? रक्तातली अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ते प्रथिन, कोणती: आयजीजी की आयजीएम? नुसत्या आकड्यावरून काय कळणार?

मेघना७: मला ओठावर येतो. चुरचुरायला लागलं की लगेच हर्पीसचं औषध, अ‍ॅसायक्लोव्हिर, घे, वाट बघू नकोस.

सदानंद: मेघनाताई, तिला पुटकुळ्याच नाहीत हो.

अबोली_क: टाइप २, आयजीजी. आयजीएम निगेटिव्ह.

प्रयोगशाळेतला: आयजीएम सोडून द्या, त्यावर विसंबत नाहीत. आयजीजी १.१ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह छापतात, पण टाइप २ मध्ये ३ च्या आतले पुष्कळ रिपोर्ट खोटे पॉझिटिव्ह निघतात. अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी, तिच्या २०२१ च्या सूचनांतही अशा वेळी दुसऱ्या पद्धतीने खात्री करा असंच आहे, उदाहरणार्थ वेस्टर्न ब्लॉट ही अँटिबॉडीचीच वेगळी तपासणी. शरीरसंबंध कधीपासून?

अबोली_क: पाच आठवडे. त्याआधी दोन वर्षं कोणीच नव्हतं.

प्रयोगशाळेतला: हे आधी सांगायचं ना! अँटिबॉडी दिसायला बारा आठवडेही लागू शकतात. तेवढे आठवडे झाले की पुन्हा तपासा. मधे फोड आलाच तर ताजा असतानाच त्यावरून कापसाची काडी फिरवून (स्वॅब) पीसीआर करा, त्यात थेट विषाणूच शोधतात.

निशिगंध: मग तोवर गप्प राहा. मी घाईने सांगून टाकलं, नातं तुटलं, आणि नंतर रिपोर्ट निगेटिव्ह आला.

रेवती_म: अजिबात पटत नाही. मला सांगितलं नव्हतं, ते अजून सलतं. फोड नसतानाही विषाणू पसरतो. जेवढं माहीत आहे तेवढंच सांग: रिपोर्ट धूसर आहे, परत तपासणार आहे, तोवर कंडोम. त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही.

निशिगंध: तुमचा अनुभव तुमच्यापाशी. समोरचा ‘धूसर’ ऐकत नाही, ‘हर्पीस’ ऐकतो.

अबोली_क: सांगितलं. १.६ वर अंगठा ठेवून बराच वेळ बसला होता. मग म्हणाला, मीही तपासून घेतो. त्याला लहानपणापासून ओठावर फोड येतात म्हणे. त्याचा काही संबंध?

प्रयोगशाळेतला: तो बहुधा टाइप १. मुखमैथुनातून खालीही होऊ शकतो. ओठ चुरचुरायला लागल्यापासून खपली गळून जाईपर्यंत मुखमैथुन टाळा.