मदत हवी आहे: मळ्यातला दगडी गोठा नक्की किती जुना?

माणकाठ:
मंडळी, घाई आहे म्हणून थेट विचारतो. मळ्यात आमचा दगडी गोठा आहे. आजोबा म्हणायचे, पेशवाईतला. छपराच्या एका कौलावर १८६५ उठलेलं आहे. चुलतभाऊ म्हणतो, कसला पेशवाईतला, १९६० च्या आसपासचा आहे. त्याला पाडून पत्र्याची शेड घालायचीय आणि सोमवारी जेसीबी येतोय. मला फक्त साल हवंय. कसं काढायचं?

दगडफूल:
कुठला मळा? कोकण की देश? भिंत किती जाड? दगड घडीव की अनघड? दगडांमधल्या फटी, म्हणजे दर्जा, कशाने भरल्यात, चुन्याने की मातीने? कौलं नळीची की मंगलोरी? यातलं काहीच लिहिलं नाहीत, साल कसं सांगणार?

माणकाठ:
आयडीवरून कळायला हवं होतं, माणदेश. काळा दगड, भिंत दोन हात जाड, दगडांत माती. कौलं चपटी. आता सांगा.

वारसा_वाट:
माणदेशात चुन्याशिवाय दगडी काम म्हणजे हेमाडपंती! सातशे वर्षं सहज. पाडू नका, लगेच कळवा.

दगडफूल:
@वारसा_वाट, कृपा करून घाईने नाव देऊ नका. हेमाडपंती बांधणीत घडीव दगड एकमेकांत खाचा घालून बसवतात, मध्ये मातीही नसते. इथे मातीची जोड आहे. शिवाय हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. त्याच्या आधीची देवळंही आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. सिन्नरचं गोंदेश्वर घ्या. गोठ्याला कशाला ते बिरुद?

वारसा_वाट:
गोठ्याला का नको? गढीचे दगड गोठ्यात आलेले मी स्वतः पाहिलेत.

दगडफूल:
तसं असेल तर दगड जुना, गोठा नाही. हाच तर मुद्दा आहे.

कौलारू:
कौलाचं बघू. १८६५ च्या खाली बासेल मिशन असं काही उठलंय का? असेल तर ते कौल भाजल्याचं साल नव्हे. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगळुरात १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, आणि ते साल पुढे कौलांवर छापत राहिले. म्हणजे कौल १८६५ च्या आधीचं नाही, एवढंच नक्की. नंतरचं कितीही असू शकतं. शिवाय कौलं उतरवून दुसरीकडे चढवता येतात.

माणकाठ:
हो, इंग्रजीत तेच आहे. म्हणजे भाऊ म्हणतो तेच खरं? काल रात्री त्याच्याशी १८६५ वरून भांडलो मी. फार वाईट वाटतंय.

कौलारू:
अहो, नाही. छपराचं वय आणि भिंतीचं वय वेगळं असतं. माणदेशात पाऊस कमी, पूर्वी कौलांपेक्षा माळवद, म्हणजे तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर, जास्त. आत जाऊन भिंती बघा. समोरासमोर एकाच पातळीत चौकोनी भोकं बुजवलेली दिसतात का? ती जुन्या तुळयांची घरं. बाहेरून त्याच उंचीवर छपराचं पाणी काढणारी पन्हळ असेल तर शंकाच नको. त्यावरचा त्रिकोण विटांचा आहे का, तेही बघा. माळवदाला त्रिकोण लागत नाही, तो कौलं चढवताना वाढवावा लागतो.

दगडफूल:
आणि तुळयांत आता कशाला न लागणाऱ्या कुसवाच्या (लाकडांच्या जोडाच्या) खाचा दिसल्या, तर ते लाकूड आधी दुसरीकडे वापरलेलं. दगडावरच्या पाचरीच्या खाचांवरून मात्र वय काढू नका. वडार आजही पाचर ठोकूनच दगड फोडतात.

सातबारा_समजा:
सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीत न धरलेली जागा, किती आहे? शेतकऱ्याची शेतीची इमारत आणि खळं यांखालची जागा पोटखराब्याच्या ‘अ’ वर्गात धरतात. जुने उतारे काढा, गोठ्याएवढं क्षेत्र कधीपासून लागलंय ते बघा. बांधणीचं साल मिळणार नाही, पण अमुक मोजणीच्या वेळी इमारत होती की नाही याचा अंदाज येतो.

कायदा_बोला:
शंभर वर्षं झाली म्हणून वास्तू आपोआप संरक्षित होत नाही, शासनाने तशी घोषित करावी लागते. तेव्हा पाडायला अडचण नाही.

माणकाठ:
पाडायची परवानगी कोणी मागितली?

ओवी७:
आमच्या आजीच्या गोठ्यात जमिनीखाली पेव, म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, होतं. ज्वारी भरायच्या आधी आत कडबा लावायचे. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असते. तुमच्याकडे आहे का? जेसीबी त्यावरून गेला तर खचेल, म्हणून विचारलं.

घर_दुरुस्ती:
भिंतीत माती आहे म्हणजे विंचू-किरडू आलंच. सगळ्या दर्जा सिमेंटने भरून घ्या, पन्नास वर्षं बघायला नको.

दगडफूल:
सिमेंट नको! मातीच्या भिंतीत ओल आत-बाहेर होते. बाहेरून सिमेंट मारलं की ती आतच अडकते, माती फुगते आणि दोन पदरी भिंतीचा बाहेरचा पदर सुटतो. चुना तरी वापरा.

घर_दुरुस्ती:
चुना मळणारा माणूस आणून देता का? सांगणं सोपं आहे.

माणकाठ:
वाद थांबवा, ऐका. आज भावालाच बॅटरी धरायला लावली. समोरासमोर सात-सात भोकं आहेत, दगड-मातीने बुजवलेली. वरचा त्रिकोण विटांचा. मागच्या बाजूला दगडी पन्हळ निवडुंगात दडलेली होती, ती कुणालाच माहीत नव्हती. दोन तुळयांना रिकाम्या खाचा आहेत. थोरल्या चुलत्यांना विचारलं, तर म्हणाले, कौलं चढवली तेव्हा ते दहा वर्षांचे होते, म्हणजे साठ-एकसष्ट साल. कौलं बाजारातल्या पडक्या गिरणीवरून गाड्यांनी आणली होती. त्याआधी माळवद होतं आणि त्यांच्या आजोबांनीही ते तसंच पाहिलं होतं. पेवाचं विचारल्यावर त्यांनी गव्हाणीजवळची एक फरशी दाखवली, ती अजून उचललेली नाही.

कौलारू:
मग भावाने छपराचं साल सांगितलं आणि आजोबांनी भिंतींचं. पेशवाई सिद्ध होत नाही, पण भिंती त्या चुलत्यांच्या आजोबांच्या वेळी उभ्या होत्या हे घरातूनच कळलं. चुलत्यांचं बोलणं आजच रेकॉर्ड करून ठेवा.

माणकाठ:
केलं. जेसीबीवाल्याला भावानेच फोन करून पुढच्या महिन्यावर ढकललं. शेड विहिरीकडे घालू म्हणतोय. आता दुसरा प्रश्न: खाऱ्या मातीचं माळवद घालणारं कुणी म्हसवड-दहिवडी बाजूला आहे का?